युटाच्या कॅन्यन प्रदेशात ट्रक कॅम्पिंग: व्हाइट रिम, मेझ, कॅथीड्रल व्हॅली सहा दिवसांत बसेल का?

चाकोरीबाहेर:

नमस्कार मंडळी,

येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन ट्रक घेऊन युटाला जायचं ठरतंय. हॉटेल नाही, डांबरी रस्ता शक्य तितका कमी, रोज रात्री तंबू. आम्ही चार मोठी माणसं आणि दोन मुलं, एक आठ वर्षांचा, एक अकरा वर्षांची. गाड्या म्हणजे एक टोयोटा टॅकोमा आणि एक फोर्ड एफ-१५०. दोन्ही फोर बाय फोर, दोन्हींना लो रेंज (अवघड चढउतारासाठीचा संथ, जोरदार गिअर) आहे. तिथल्या मोआब गावी पोचल्यापासून सहा दिवस हातात आहेत.

सध्याचा बेत असा: पहिले दोन दिवस कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमधला व्हाइट रिम रोड, मधले दोन दिवस त्याच पार्कचा पश्चिमेकडचा मेझ विभाग आणि शेवटचे दोन दिवस कॅपिटल रीफ नॅशनल पार्कची कॅथीड्रल व्हॅली. नकाशावर तिन्ही ठिकाणं शेजारीशेजारी आहेत.

ज्यांनी या वाटा केल्या आहेत त्यांनी कृपया सांगा. हे सगळं बसतं का? पाणी किती न्यायचं? छतावरचा तंबू घ्यावा की जमिनीवरचाच बरा? मुलांच्या दृष्टीने कशाची काळजी घ्यायची?

कातळवेडी:

बेत वाचून छान वाटलं, पण सहा दिवसांत तिन्ही करू नका. व्हाइट रिम आणि मेझ यांच्या मधून ग्रीन नदी वाहते आणि त्या भागात तिच्यावर पूल नाही. व्हाइट रिमवर उभं राहिलं की पलीकडचा मेझ समोर दिसतो. तिथे जायचं तर मात्र पुन्हा पठारावर चढायचं, ग्रीन रिव्हर गावाकडून मोठा वळसा घ्यायचा आणि हायवे २४ सोडल्यावर ४६ मैल कच्च्या रस्त्याने हॅन्स फ्लॅट रेंजर स्टेशन गाठायचं. तिथे पेट्रोल मिळत नाही, खाण्याचं काही मिळत नाही. खरी वाट त्यानंतर सुरू होते. हॅन्स फ्लॅटपासून मेझमधल्या डॉल हाउसपर्यंत सहा तास सहज जातात. त्या वाटेवरच्या फ्लिंट ट्रेल या घाटाची वळणं एवढी आवळ आहेत की लांब गाडी दोनतीनदा मागेपुढे करूनच वळते. मेझला जाणारे लोक तीन दिवसांपेक्षा कमी क्वचितच राहतात. मुलांना घेऊन आणि दोन दिवसांत तर नकोच.

व्हाइट रिमलाच तीन दिवस द्या. सुमारे १०० मैलांचा फेरा आहे. आकडा छोटा वाटतो, पण बराच भाग ताशी दहापंधरा मैलांच्या वर जात नाही आणि जाऊही नये. १९५०च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी अणुऊर्जा आयोगाने ही वाट काढली. कॅन्यनलँड्स पार्क झालं ते त्यानंतर, १९६४ साली. वर पठाराचा कडा, खाली नद्यांच्या घळी आणि मधल्या पांढऱ्या वालुकाश्माच्या पायरीवरून तुम्ही फिरत राहता. दर वळणावर थांबावंसं वाटतं. दोन दिवसांच्या बेतात नेमकं ते थांबणंच निघून जातं.

चाकोरीबाहेर:

कातळवेडी, मनापासून धन्यवाद. पुलाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. मेझ सोडायचं म्हटल्यावर घरात थोडी नाराजी होईल, पण कारण पटण्यासारखं आहे.

मग व्हाइट रिमच्या परमिटचं कसं असतं? आधी काढावं लागतं की तिथे जाऊन मिळतं?

कातळवेडी:

आधीच काढा, आणि आत्ताच कॅलेंडरवर खूण करा. शरदातल्या मुक्कामांचं आरक्षण मे महिन्यात उघडतं, वसंतातल्यांचं आदल्या नोव्हेंबरात. पूर्ण वाटेवर मुक्कामाच्या दहा जागा आहेत आणि त्यांत मिळून वीसच कॅम्पसाइट. ऑक्टोबर तर सगळ्यांनाच हवा असतो. एका गटात जास्तीत जास्त १५ माणसं आणि तीन गाड्या चालतात, म्हणजे तुम्ही एका साइटवर आरामात बसता. मुक्काम न करता एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तरी दिवसाचं परमिट लागतं.

मुक्काम निवडताना रोजचे मैल सारखे वाटून घेऊ नका. पहिल्या रात्री एअरपोर्ट किंवा गूजबेरी, दुसऱ्या रात्री मर्फी किंवा कँडलस्टिक (ही सगळी मुक्कामाच्या जागांची नावं), म्हणजे तिसऱ्या दिवशी नदीकाठची वाळू आणि हार्डस्क्रॅबलचा चढ ताज्या डोक्याने करता येतात. व्हाइट क्रॅक मिळालं तर बाकीचा बेत त्याभोवती फिरवा. मुख्य वाटेपासून फाट्यावर आत, पायरीच्या दक्षिण टोकाला एकच साइट आहे, शेजारी कोणी नसतं.

कुत्रा नेणार असाल तर या वाटेवर तो गाडीतसुद्धा चालत नाही. लाकडाची शेकोटी पेटवता येत नाही, स्वयंपाक गॅसवरच. ड्रोन घरी ठेवा.

जुना_फिटर:

उशिरा आलो धाग्यावर. गाड्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

चालकाचं दार उघडलंत की चौकटीवर एक पिवळापांढरा स्टिकर दिसेल. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. टॅकोमाला हा आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण साधारण हजार-अकराशे पौंड धरा. आता बेरीज करा. तीन माणसं, छतावरचा तंबू आणि त्याचा रॅक, स्टीलचा बंपर असेल तर तो, फ्रिज, जास्तीची बॅटरी, हत्यारं, पेट्रोलचा कॅन, पाणी. पाण्याचा एक गॅलन आठ पौंडांच्या वर भरतो. वाटेत काही मोडलंच तर त्यामागे बहुतेक वेळा वजन असतं. पाटे बसतात, शॉक गरम होऊन गळतात, उतारावर ब्रेक तापतात. इंजिन बिचारं ठीक असतं. सामान भरून झाल्यावर ट्रक वजनकाट्यावर नेऊन खरा आकडा बघा, अंदाजावर जाऊ नका.

टायर. पार्कवाले सांगतात ते हाय क्लिअरन्स आणि लो रेंज तुमच्याकडे आहेच, पण गाडीबरोबर आलेले हलके टायर असतील तर बदला. एलटी (लाइट ट्रक) खुणेचे, जाड कडेचे घ्या. स्टेपनी पूर्ण मापाची हवी आणि तिच्यातली हवा निघण्याआधी तपासायची, गाडीखाली लटकून तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. पंक्चरचा संच आणि बॅटरीला थेट जोडायचा कॉम्प्रेसर दोन ट्रकांत मिळून एक तरी पाहिजेच.

कच्च्या रस्त्याला लागलात की हवा कमी करा. ३५-४० पीएसआय असेल तर २२-२५ वर आणा. हादरे निम्मे होतात, पकड वाढते. वाळूत रुतायला लागलात तर आणखी खाली, पंधरापर्यंत. पण दगडी पायऱ्यांवर एवढी कमी नको, कारण टायरची कड फुगते आणि धारदार कातळ नेमकी तीच कापतो. कडेला पडलेली चीर प्लगने भरत नाही. हवा कमी असताना वेग कमी, आणि डांबरीवर परत आलात की आधी हवा भरा.

पठारावरून व्हाइट रिमकडे नेणाऱ्या शेफरच्या वळणांवरून सुमारे १५०० फूट खाली उतरायचं आहे. तिथे लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि गाडी इंजिनवर उतरू द्या. ब्रेकवर पाय दाबून ठेवला की अर्ध्या घाटात वास यायला लागतो. खालून कोणी चढत येत असेल तर वाट त्याची, उतरणाऱ्याने थांबायचं.

ध्रुवतारा:

जुना_फिटर, बाकी सगळ्याला अनुमोदन, पण वजनापायी छतावरच्या तंबूला इतकं दूर लोटू नका. व्हाइट रिमच्या कितीतरी साइट सपाट कातळावर आहेत, तिथे जमिनीत खुंटी ठोकताच येत नाही. वारा सुटला की जमिनीवरचा तंबू दोरीने दगडांना बांधत बसावं लागतं. वरचा तंबू पाच मिनिटांत उघडतो आणि अंथरूण त्यातच राहतं. मुलं बरोबर असली की संध्याकाळचा तो अर्धा तास फार मोलाचा असतो.

जुना_फिटर:

सोय आहेच, नाही म्हणत नाही. पण दीडशे पौंड गाडीच्या सगळ्यात उंच जागी ठेवले की तिरक्या वाटेवर ती जास्त कलते, आणि पहिलीच मोठी वाट करणाऱ्या चालकाला तो कल अंगावर येतो. शिवाय छताच्या रॅकला दोन आकडे असतात, उभ्या गाडीचा आणि चालत्या गाडीचा. तंबूत चार जण झोपले तरी चालतं, कारण गाडी उभी असते. चालत्या गाडीचा आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि कच्च्या वाटेसाठी काही कंपन्या तो आणखी खाली आणतात. ट्रकच्या मागच्या सामानाच्या बॉक्समध्ये कमी उंचीचा रॅक लावून तंबू कॅबच्या उंचीइतका ठेवला तर माझी हरकत नाही. एफ-१५० वर ठेवा, टॅकोमावर नको.

ध्रुवतारा:

हे पटलं. कॅबच्या उंचीचा रॅक हाच मधला मार्ग. आणि जमिनीवरचा तंबू नेणार असाल तर खुंट्यांऐवजी भक्कम पिशव्या न्या, त्यांत तिथल्या वाटेवरची वाळू भरून कोपऱ्यांना बांधायच्या, निघताना तिथेच परत ओतायची.

चाकोरीबाहेर, तारखा अजून पक्क्या नसतील तर अमावास्येच्या आसपासच्या बघा. कॅन्यनलँड्सला २०१५ साली आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. चंद्र नसताना तिथे आकाशगंगा डोळ्यांनी इकडून तिकडे सलग दिसते. मुलांना हे दाखवायलाच हवं.

पाऊसवेळ:

सगळा धागा वाचला, पावसाबद्दल एक अक्षर नाही. मला या बेतात सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

या भागात जुलै ते सप्टेंबर मान्सूनचे गडगडाटी पाऊस येतात. ऑक्टोबरात ते ओसरलेले असतात, पण शरदातलं एखादं वादळ येऊ शकतं. डोक्यावर आकाश निळं असतं आणि वीस मैलांवर पाऊस पडत असतो. उघडा कातळ पाणी मुरू देत नाही. सगळं पाणी कोरड्या ओढ्यांत उतरतं आणि लोंढा होऊन येतं, चिखल, ओंडके, धोंडे घेऊन. ऑगस्ट १९९७मध्ये अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक असेच गेले, पाऊस पडला होता वर काही मैलांवर. सप्टेंबर २०१५मध्ये युटातल्याच झायन नॅशनल पार्कच्या कीहोल कॅन्यनमध्ये उतरलेल्या सात जणांचं तेच झालं. म्हणून कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही, जेवायलासुद्धा गाडी थांबवायची नाही. ओढा वाहताना दिसला तर अलीकडे थांबायचं. यातले बरेच लोंढे काही तासांत उतरतात. पाणी किती खोल आहे हे गढूळ रंगावरून कळत नाही, आणि खालचा रस्ता अजून आहे की वाहून गेलाय हेही दिसत नाही.

दुसरी गोष्ट माती. इथल्या काही थरांत ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली बेंटोनाइट चिकणमाती आहे. भिजली की फुगते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग फोर बाय फोर असो, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर असो, गाडी उतारावर आडवी घसरते. शेफर आणि मिनरल बॉटम ही व्हाइट रिमची दोन्ही दारं ओल्यात निसरडी होतात. २०१० साली मिनरल बॉटमची वळणं पावसाने वाहून गेली होती आणि दुरुस्त होईपर्यंत तिकडून बाहेर पडायची वाट बंद राहिली. कॅथीड्रल व्हॅलीत तर बेंटोनाइटच्या टेकड्याच टेकड्या आहेत. तिथे पाऊस झाला तर रस्ता वाळेपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच करता येतं.

म्हणून बेतात रिकामा दिवस ठेवा. अन्नपाणी ठरलेल्या दिवसांपेक्षा निदान एका दिवसाचं जास्त घ्या. तो दिवस लागला नाही तर उत्तमच.

चाकोरीबाहेर:

पाऊसवेळ ताई, हे वाचून रात्री नवऱ्याबरोबर बसून सगळा बेत पुन्हा मांडला. रिकामा दिवस आता नक्की.

पाण्याचा हिशेब असा केला: सहा जण, माणशी रोज एक गॅलन, तीन दिवस आणि एक राखीव, म्हणजे २४ गॅलन. जुना_फिटर म्हणतात त्याप्रमाणे दोनशे पौंड होतात. वाटेत नदी लागतेच, तर फिल्टर नेऊन हे वजन कमी करता येईल का?

कातळवेडी:

नदीवर विसंबू नका. व्हाइट रिमवर प्यायचं पाणी कुठेच नाही. वाट बराच काळ नदीपासून शेकडो फूट वर असते, आणि जिथे खाली उतरते तिथलं पाणी गाळाने इतकं भरलेलं असतं की फिल्टर थोड्या वेळात तुंबतो. रात्रभर बादलीत निवळत ठेवून वरचं पाणी गाळायचं, हा अडचणीतला उपाय झाला. २४ गॅलन बरोबर आहेत, भांडी आणि हातपाय धुवायला आणखी चारपाच धरा. एकाच मोठ्या टाकीत भरू नका. दोन्ही ट्रकांत वाटून, छोट्या कॅनमध्ये, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणि तळाशी बांधून ठेवा. एक कॅन फुटला तर बाकीचे राहतात.

कातळातल्या खळग्यांत साचलेलं पाणी दिसेल. त्याला हात लावू नका, मुलांनाही खेळू देऊ नका. त्यात चिमुकले कोळंबीसारखे जीव असतात, त्यांची अंडी कोरड्या खळग्यात वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाऊस पडला की त्यांचं सगळं आयुष्य त्या चार बोटं पाण्यात होतं. आपल्या हाताचं सनस्क्रीन त्यांना पुरे होतं.

आणि जमीन. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, बुरशीसारखी दिसणारी माती असते. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी वाळूचे कण धरून ठेवलेले असतात, म्हणून तिथे झाडं उगवतात आणि वारा वाळू उडवून नेत नाही. एका पावलाने ती मोडते आणि पुन्हा धरायला दशकं लागतात. मला हे सांगताना दर वेळी तळमळ होते, कारण समोरच्या गाडीला वाट देताना लोक सहज एक चाक त्या मातीवर घालतात. नका घालू. थोडं मागे जा, रुंद जागी थांबा, उशीर होऊ द्या. मुलांना पहिल्याच दिवशी ही माती दाखवा, पुढे तीच तुम्हाला सांगतील कुठे पाय ठेवायचा नाही.

ध्रुवतारा:

मुलांसाठी आणखी एक. इथल्या कड्यांना कठडे नाहीत. काठाचा वालुकाश्म खालून झिजलेला असतो, वरून ते कळत नाही. साइटवर पोचलात की आधी हद्द ठरवा: या झुडपापासून त्या दगडापर्यंत, त्यापलीकडे मोठ्या माणसाशिवाय नाही. मसलमन आर्च बघायला सगळेच थांबतात, पण तिच्यावरून चालायला मनाई आहे.

साइटवर संडास आहेत, कागद तुमचा न्या. दोन साइटच्या मधल्या वेळासाठी मैला भरून आणायच्या पिशव्या ठेवा, मुलं वेळ सांगून येत नाहीत. दिवसा साठ-सत्तर फॅरनहाइट असलं तरी रात्री चाळिसाच्या खाली जाऊ शकतं, झोपायच्या पिशव्या त्या हिशेबाने घ्या.

जुना_फिटर:

धुळीचं राहिलं. दोन गाड्यांत एवढं अंतर ठेवा की पुढच्याची धूळ बसलेली असेल, पण दर फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. ट्रकच्या बॉक्सवर टोपी (बंद झाकण) असेल तर चालताना मागे हवेचा दाब कमी होतो आणि टेलगेटच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. फटींना रबरी पट्टी लावा आणि टोपीची पुढची झडप किंचित उघडी ठेवा, आत येणाऱ्या वाऱ्याने धूळ बाहेर राहते.

रुतलेली गाडी ओढताना दोर कधीही टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, अडकवू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो, माणसं मेली आहेत. शॅसीला पक्के बसवलेले हुक, नाहीतर हिच रिसीव्हरमध्ये (मागच्या चौकोनी खाचेत) बसणारा शॅकल, म्हणजे लोखंडी कडी. ओढताना मुलं आणि बघे दोराच्या लांबीच्या दुपटीने लांब. त्याआधी फावडं आणि चाकाखाली घालायच्या पट्ट्या वापरून बघा. वाळूत बहुतेक वेळा हवा कमी करून आणि चार फावडी उपसून गाडी निघते.

चाकोरीबाहेर:

सुधारलेला बेत. पहिला दिवस मोआबमध्ये: पेट्रोल, पाणी, टायर, वजनकाटा. दुसरा ते चौथा दिवस व्हाइट रिम, दोन मुक्काम. पाचवा दिवस राखीव. पाऊस नसेल आणि सगळे ताजे असतील तर पाचव्याची रात्र कॅथीड्रल व्हॅलीत, नाहीतर मोआबजवळच. सहाव्या दिवशी परत.

दोन शंका उरल्या. फेरा कोणत्या दिशेने करावा? आणि काही बिघडलंच तर मदत कशी मागवायची?

कातळवेडी:

घड्याळाच्या दिशेने, म्हणजे शेफर उतरून मिनरल बॉटमने वर. या दिशेने पठार उजवीकडे आणि दरी डावीकडे, चालकाच्या बाजूला येते. काठ चालकाला स्वतः दिसतो, दुसऱ्याला विचारावं लागत नाही. काही जण उलट दिशा घेतात म्हणजे शेफरचा घाट उतरण्याऐवजी चढायला मिळतो. तेही चूक नाही, पण नदीकाठची वाळू तुम्हाला गाडीची सवय झाल्यावर लागलेली बरी.

कॅथीड्रल व्हॅलीचं कॅम्पग्राउंड फुकट आहे. आरक्षण नाही, सहाच जागा, पाणी नाही, उंची ७००० फुटांच्या आसपास. थंडी व्हाइट रिमपेक्षा जास्त असेल. पूर्ण फेरा करणार असाल तर फ्रीमाँट नदीच्या पाण्यातून गाडी न्यावी लागते. सुरुवात तिथूनच करा. पाणी जास्त वाटलं तर हायवे जवळच असतो, परत फिरता येतं. शेवटी नदी ठेवली आणि ती अडली तर पन्नासेक मैल मागे.

पाऊसवेळ:

मदतीबद्दल. व्हाइट रिमच्या बहुतेक भागात फोन लागत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र दोन्ही ट्रकांत एकेक ठेवा आणि घरून निघण्याआधी त्यावरून एकमेकांना संदेश पाठवून बघा. खोल घळीत आकाशाची पट्टी अरुंद असते, संदेश जायला वेळ लागतो, तेव्हा मोकळ्यावर येऊन पाठवायचा. घरी एका माणसाकडे मुक्कामांची नावं, गाड्यांचे नंबर आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर पार्कला फोन करायचा हे लिहून द्या.

एसओएस जिवावर बेतलं तरच. गाडी बंद पडली तर ती टोचन करून बाहेर काढायला हजार डॉलरच्या पुढे खर्च येतो, आणि नेहमीच्या रोडसाइड सेवा अशा वाटांवर बहुधा येत नाहीत. तुमच्या विम्यात काय आहे ते आत्ताच विचारून घ्या. मदत येईपर्यंत गाडी सोडून चालत निघायचं नाही. सावली आणि पाणी गाडीपाशीच असतं, आणि शोधणाऱ्यांना ती माणसापेक्षा लवकर दिसते.

निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी, दोन्ही वेळा आयलंड इन द स्काय या व्हाइट रिमच्या वरच्या विभागाच्या व्हिजिटर सेंटरमध्ये रस्त्याची स्थिती विचारा. नॅशनल वेदर सर्व्हिसचा अंदाज फक्त मोआबचा बघू नका, वरच्या अंगाचाही बघा. दोन्हींपैकी एकात जरी शंका आली तर पाचवा दिवस दुसऱ्याच्या जागी आणा आणि एक दिवस उशिरा उतरता येईल का ते तिथेच काउंटरवर विचारा. परमिटच्या तारखा आपल्याआपण पुढे सरकवता येत नाहीत.

चाकोरीबाहेर:

टिपून घेतलं. मे महिन्यात आरक्षण उघडलं की पहिला प्रयत्न व्हाइट क्रॅकसाठी, नाही मिळालं तर गूजबेरी आणि मर्फी. कोणत्या साइट मिळाल्या ते इथेच लिहीन, म्हणजे त्यानुसार रोजच्या टप्प्यांबद्दल पुन्हा विचारता येईल.